नरसिंहाच्या तोंडातला चोर

"हेतल, उतर आधी! तू नाही बसायचं या झोक्यावर!"

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आलेली. आंबेबारीच्या मोठ्या लिंबाला नवे दोर लागले होते. सासरहून आलेल्या लेकीबाळींपासून परकरातल्या पोरींपर्यंत सगळ्या पाळीपाळीने आभाळाला पाय लावून येत होत्या. हेतलची पाळी आली. ती फळीवर टेकली न टेकली, तोच एका मुलीने दोर घट्ट धरला.

"का बरं?" वैजूने कमरेवर हात ठेवले.

"आई म्हणते, हे लोक सुरतहून आलेत. सुरतला प्लेग असतो."

"असतो नाही, झाला होता! मागच्या गणपतींनंतर. आता उन्हाळा लागला. इतके महिने प्लेग काय एस.टी.ची वाट बघत बसला होता?"

दोर धरणारी मुलगी अडखळली, पण तिने दोर काही सोडला नाही. हेतल गुपचूप उतरली. सुरतच्या कारखान्यातले माग बंद पडले म्हणून तिचे वडील रुपचंद बायकामुलीला घेऊन पाडव्याला गावी परतले होते. तेव्हापासून हेतलला आंबेबारीत पुष्कळ नातेवाईक मिळाले होते, मैत्रीण मात्र एकच, तीही सुट्टीपुरती धुळ्याहून मामाकडे आलेली वैजू.

वैजू धुळ्याच्या एका किराणा दुकानदाराची मुलगी. सातवीच्या वर्गातून घरी आली की ती गल्ल्यामागे बसायची, आणि तिथे तिला एक खोड लागली होती. समोर माणूस आलं की ती त्याला मनातल्या तराजूत घालायची. एका पारड्यात माणूस काय बोलतं ते, दुसऱ्यात काय करतं ते. बहुतेकांची काटा मारलेली पारडी बघून तिला हसू यायचं. आज मात्र हसू आलं नाही.

"चल," ती हेतलला म्हणाली, "आपण आपला झोका बांधू. देवळामागे चिंच आहे. अभिमन, दोर घे!"

अभिमन म्हणजे तिचा मामेभाऊ, नववीत गेलेला. त्याला या वर्षी आखाजीच्या भोवाड्यात पहिल्यांदा सोंग मिळणार होतं. भोवाडा म्हणजे आंबेबारीचा जीव की प्राण! कागदाच्या लगद्याचे, बेगड लावलेले मोठमोठे मुखवटे चढवून देवदानव चौकात नाचतात आणि सांबळाच्या ठोक्यावर सगळं गाव डोलतं. अभिमनला वानराचं सोंग मिळालं होतं.

"तुला मुखवटा कशाला हवा?" वैजू सकाळपासून त्याला चिडवत होती. "आहे तोच चेहरा घेऊन जा. लोक ओळखतील!"

एरवी अभिमनने उलटा टोला दिला असता. पण त्याचे वडील, धनसिंगमामा, तापाने अंथरुणाला खिळले होते. त्यांच्यासारखेच वना आणि रतिलाल हे दोघंही पडले होते. सपाटून ताप, कंबर धरलेली, डोळे लालभडक. तिघंही भोवाड्याच्या तालमीत रुपचंदशेजारी बसले होते. गावाने लगेच निकाल लावून टाकला, 'सुरतना रोग शे तो, सुरतनाच!'

देवळामागे गव्हाचं कापलेलं रान होतं. देवळाला चिकटून सोंगांची, म्हणजे मुखवट्यांची, खोली, तिला खिडकी नाही, एकच दार. चिंचेला दोर टाकता टाकता हेतल एकदम गुजरातीत ओरडली, "अरे, जो ने! सोनुं!"

खोलीच्या भिंतीच्या पायथ्याशी एक बीळ होतं. तोंडाशी ताजी उकरलेली माती, आणि त्या मातीत काहीतरी लखलखत होतं.

"हात नको घालूस!" अभिमन ओरडला. "साप असेल!"

वैजूने काटकीने तो तुकडा ओढला आणि पळसाच्या पानावर घेतला. सोन्यासारखा पातळ, कडा कुरतडलेल्या.

अभिमनचा चेहरा उतरला. "हे बेगड आहे. नरसिंहाच्या आयाळीचं. असं तांबूस बेगड दुसऱ्या कुठल्याच सोंगाला नाही."

"मग ते बिळात कसं आलं?"

"मला काय माहीत? सोंगं तर पेटीत असतात. पेटी खोलीत, खोलीला कुलूप आणि किल्ली सोंगांच्या मानकऱ्याच्या, भिकन आबांच्या करगोट्याला!"

वैजूने पान नीट दुमडलं. तराजूत टाकायला काहीतरी वजनदार सापडलं होतं.

घरी आले तर ओट्यावर डॉक्टर सुनंदाबाईंची चप्पल होती. या बाई सरकारी दवाखान्यातून हल्ली रोज मोटारसायकलवर मागे बसून यायच्या. आत त्या मामांना विचारत होत्या, "धनसिंगभाऊ, नीट आठवा. धान्याची कोठी झाडली? चाऱ्याची वळई उपसली? बरेच दिवस बंद असलेली एखादी जागा साफ केली?"

"नाही बाई." मामांनी मान भिंतीकडे वळवली.

वैजूने ते वळणं टिपलं. खोटं बोलणारं गिऱ्हाईकही असंच वजनमापाकडे न बघता बरण्यांकडे बघतं.

बाई बाहेर आल्या तशी वैजू त्यांच्यापुढे उभी राहिली. "बाई, हा प्लेग आहे का?"

"नाही! धुळ्याच्या तपासणीत प्लेग नाही असं आलंय. मी चावडीवर सांगितलं. चावडीने मान डोलावली आणि मग आपलंच म्हणणं पुढे चालवलं."

"मग सारखं कोठी झाडली का, कोठी झाडली का, असं का विचारता?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कारण माझा संशय उंदरांवर आहे. रानातले काही उंदीर अंगात विषाणू बाळगून असतात. उंदीर ठणठणीत असतो, पण त्याच्या लेंड्यांतून, मुतातून, लाळेतून विषाणू बाहेर पडतो. बंद जागेत ते सगळं वाळतं. मग कोणीतरी कोरडा झाडू मारतं, धूळ उडते आणि श्वासावाटे माणसाच्या आत जाते. तिघांचं रक्त पुण्याला पाठवलंय. पण तिघंही म्हणतात, आम्ही काहीच झाडलं नाही!"

"आणि रुपचंदमामांकडून लागलं असेल तर?"

"तूच सांग. रुपचंदच्या घरात कोणी आजारी आहे?"

"नाही."

"या तिघांची उशापायथ्याशी बसून सेवा करणारी माणसं?"

"भागामामी तर उलट रोज माझ्यावर ओरडतेय. ठणठणीत आहे!"

"मग?" बाई हसल्या. "घाल ते तुझ्या डोक्यात."

डोक्यात घालायला वेळ मात्र कमी होता. संध्याकाळी चावडी बसली. उद्या सकाळच्या एस.टी.ने रुपचंदने बायकामुलीसह गाव सोडावं, आखाजीला गावात रोग नको, असं ठरलं. रुपचंद एक शब्द बोलला नाही. हेतलने आईचा पदर धरला आणि पहिल्यांदाच तिला रडू आलं.

"सुरतमध्ये आमची खोलीसुद्धा नाही आता," ती वैजूला म्हणाली. "आम्ही उतरायचं कुठे?"

वैजूने अभिमनला गोठ्यात गाठलं.

"खरं सांग. सोंगांच्या खोलीत काय चालतं?"

"काही नाही."

"मामा भिंतीकडे बघतात, तू बैलाकडे बघतोयस. घराणंच तसलं!"

"मला बोलता येत नाही!" अभिमन कळवळून म्हणाला. "शपथ असते. खोलीतली गोष्ट सोंगाच्या गड्याने बाहेर सांगायची नाही. मला गेल्याच आठवड्यात नारळावर हात ठेवून दिलीय!"

"त्या तिघांनीही दिली असेल. म्हणूनच ते डॉक्टरांना सांगत नाहीत."

अभिमनने वैरण पुढे सारली. बैलाच्या पाठीवर त्याचा हात उगाच फिरत राहिला. वानराचं सोंग त्याला कितवीपासून हवं होतं, ते वैजूला माहीत होतं. शपथ मोडली की ते गेलं. तिने तोंड मिटून घेतलं. तराजूत या वेळी त्याने स्वतःच स्वतःला घालायचं होतं.

"दादांना ताप चढला ना," शेवटी तो म्हणाला, "तेव्हा गाडी जुंपायला कोणी पुढे येईना. रुपचंदकाकांनी उचलून गाडीत घातलं आणि पिंपळनेरच्या दवाखान्यापर्यंत मांडीवर डोकं घेऊन बसले." तो वैजूकडे वळला. "ऐक. आखाजीआधी सोंगं झटकतात. भोवाड्यापर्यंत सोंग कोणाच्या दृष्टीला पडू नये म्हणून दार आतून लावून घेतात. लगद्याला पाणी चालत नाही, रंग जातो. म्हणून कोरड्या फडक्याने सपासप झटकायचं, मग तोंडावर चढवून बघायचं. या वर्षी पहिली पाळी दादांची, वनाकाकांची आणि रतिलालची होती."

"आणि उरलेल्यांची?"

"उद्या सकाळी. मी पण आहे त्यात."

वैजूने बोटांवर नावं मोजली. "आणि भिकन आबा? ते नाही का पडले आजारी?"

"ते मानकरी! ते दाराबाहेर राखणीला बसतात. धुळीने त्यांचा दमा उठतो ना!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पारडं धाडकन खाली बसलं.

"आबांना सरळ सांगू या!" अभिमन म्हणाला.

"सांग बरं! 'आबा, तुमच्या सोंगांमुळे रोग आला.' काठी घेऊन धावतील मागे. आबांना सोंग म्हणजे पोटच्या पोरापेक्षा जास्त. आपण रोगाचं नावच नको काढायला." वैजूने पळसाचं पान उघडलं. बेगड लखलखलं. "आपण चोरीची वर्दी देऊ."

सकाळी भिकन आबा खोलीच्या दाराशी पटका बांधून बसले होते. त्यांच्या पटक्याला गावात इतका मान होता की खालचं डोकं वापरायची त्यांना सहसा वेळ यायची नाही.

"आबा," वैजू अदबीने म्हणाली, "हे बघा काय सापडलं."

आबांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि ते ताडकन उठले. "हाई कोठे सापडनं तुले?"

"देवळामागे, मातीत."

"मना नरसिंहनं बेगड! चोर! चोर लई गया!"

बघता बघता पारावर माणसं जमली. "कुलूप तर शाबूत शे!" कोणी म्हणालं. "किल्ली तर आबाकडेच राहते!" दुसऱ्याने पुस्ती जोडली. आबांचा चेहरा बेगडापेक्षा तांबडा झाला.

"मी मझार जाऊन पाहतो!"

"जा ना आबा," वैजू भोळेपणाने म्हणाली. "पण तुम्ही एकटेच आत जाऊन आलात, तर लोक उद्या काय म्हणतील? चोरीची तपासणी पंचांसमोर, उजेडात झालेली बरी. पेटीच बाहेर आणली तर?"

"सोंग भोवाड्याआधी उजेडात? कधी व्हयनं नही!"

"चोरी तरी कुठे कधी झाली होती?"

आबांनी पटका चाचपला. पंचांनी माना हलवल्या. हिशेब वैजूच्या बाजूने लागत होता.

"बरं, आणा रे पेटी भाहेर!"

"एक मिनिट!" अभिमन ओल्या उपरण्यांचा गठ्ठा घेऊन पुढे आला. "नाकातोंडाला बांधा सगळ्यांनी. आणि आबा, तुम्ही पारावर जा. धूळ उडेल, तुमचा दमा!"

स्वतःच्या दम्याची काळजी आबांना एकदम पटली. चौघांनी पेटी उचलून चौकात ठेवली. तेवढ्यात मोटारसायकल फटफटत आली. हेतलने फाट्यावरच डॉक्टर सुनंदाबाईंना गाठलं होतं. तिथे तिचे आईवडील बोचकी घेऊन एस.टी.ची वाट बघत होते.

"वारा कुठून आहे?" बाई उतरता उतरताच ओरडल्या. "सगळे वारा पाठीवर येईल असे सरका! ही फडकी पुरेशी नाहीत, पण नसण्यापेक्षा बरी. काठीने झाकण उघडा, कोणी वाकायचं नाही!"

झाकण करकरत वर गेलं. भाताच्या पेंढ्यात देवदानव निजले होते. सगळ्यांच्या वर नरसिंह, मोठं लाल तोंड वासून. पण त्याची आयाळ अर्धी गळलेली, एक कान कुरतडलेला!

"मना नरसिंह!" आबांनी टाहो फोडला.

आणि नरसिंह हलला!

 नरसिंहाच्या तोंडातून आधी मिशा बाहेर आल्या, मग दोन काळेभोर डोळे आणि मग एक करडा उंदीर टुणकन पेटीच्या काठावर येऊन बसला. त्याने जमलेल्या पंचांकडे एक नजर टाकली, त्याला कोणीच विशेष वाटलं नसावं, आणि तो पंचांच्या पायांतून सुसाट देवळामागच्या बिळाकडे गेला. भोवाड्यात दानव होणारे धिप्पाड गडी किंचाळत उड्या मारू लागले! पारावरचे आबा तर लिंबाच्या खोडाला मिठी मारून उभे होते.

"हा तुमचा चोर, आबा!" वैजू ओरडली. "कुलूप न तोडणारा!"

बाईंनी लांब काठीने पेंढा जरा सारला. नरसिंहाच्या घशात कागदाच्या कपट्यांचं आणि बेगडाचं घरटं होतं, खाली लेंड्यांचा थर, आणि पेटीच्या बुडाला मुठीएवढं भोक.

"सोंगांना काय लावता चिकटवायला?" त्यांनी विचारलं.

"चिंचोक्यांची खळ," अभिमन म्हणाला.

"म्हणजे त्याला घर मिळालं आणि जेवणही! गहू निघाला, रान मोकळं झालं, आणि हा इथे राहायला आला. आता मला सांगा, ही सोंगं कोणी झटकली?"

कोणीच बोलेना. शपथ होती.

अभिमन पुढे आला. "शपथ माझी पण आहे. सोंग गेलं तरी चालेल." त्याने पेटीकडे बोट दाखवलं. "दादांनी, वनाकाकांनी आणि रतिलालने झटकली. दार लावून. कोरडी. आणि मग तोंडावर चढवली. तालमीत रुपचंदकाकांजवळ सांबळवाले, टाळवाले, सगळेच बसले होते. त्यांतलं कोणी आजारी नाही. खोलीत गेले तेच पडले!"

बाई हळूच म्हणाल्या, "बंद खोली, कोरडी धूळ, आणि नाक त्याच मुखवट्याच्या आत. कुठला विषाणू ते पुणं सांगेल. वाट कुठली होती, ती या पोरांनी दाखवली. आज आणखी जण आत गेले असते..."

पुढचं त्यांना बोलावं लागलं नाही. रतिलालची आई पुढे आली. तिने अभिमनच्या डोक्यावर हात ठेवला.

भिकन आबा पारावरून उतरले. पटका हातात आला होता. वैजूने त्यांना इतक्या वेळा तोललं होतं, पण हे असं डोकं तिने पहिल्यांदाच पाहिलं. पांढरं, लहानसं.

"मी भाहेर बसनू," आबा पुटपुटले, "अन पोरेसले मझार कोंडं." मग त्यांनी एकदम मान वर केली. "रुपचंद कोठे शे?"

फाट्याकडून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला.

"बस थांबाडा रे!"

अभिमनने कोणाची तरी सायकल घेतली, हेतल मागे बसली, आणि धुळीचा लोट फाट्याकडे निघाला. रुपचंदने बोचकं टपावर चढवायला उचललं होतं. अभिमनने सायकल सरळ बसपुढे आडवी घातली. कंडक्टर तोंडाने जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेवढ्यात उघड्या डोक्याचे आबा धापा टाकत पोहोचले, आणि त्यांनी रुपचंदच्या हातातलं बोचकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"चाल घर," एवढंच ते म्हणाले. सगळी वाट त्यांनी ते ओझं कोणाला घेऊ दिलं नाही, दमा असून!

आखाजीला भोवाडा झाला नाही. पौर्णिमेला झाला. मधल्या दिवसांत बाईंच्या देखरेखीखाली पेंढा ब्लिचिंगच्या पाण्याने भिजवून खोल पुरला गेला, खोलीला दोन खिडक्या पडल्या, बिळं काचा-सिमेंटने बुजली. जी सोंगं वाचण्यासारखी नव्हती ती पेंढ्याबरोबरच पुरली. बाकीच्यांच्या आतल्या बाजूला औषधाच्या पाण्याचं फडकं फिरलं आणि ती दिवसचे दिवस कडक उन्हात पडून राहिली, सगळ्या गावासमोर. दृष्ट कोणालाच लागली नाही. नरसिंहाचं तोंड नवं केलं. त्याचं बेगड वैजूने आणि झोक्याचा दोर धरणाऱ्या त्या मुलीने मिळून चिकटवलं. ती मुलगी हल्ली हेतलला दोनदा पाळी देत होती.

तिघंही आजारी उठून बसले. पुण्याहून निरोप आला की उंदरांकडूनच येणाऱ्या विषाणूची खूण रक्तात सापडलीय. बाईंनी तो चावडीवर मोठ्याने सांगितला. या खेपेला चावडीने मान डोलावली आणि ऐकलंही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी चौक माणसांनी फुलला. धनसिंगमामांच्या पायांत अजून नाचायचं बळ नव्हतं.

"नरसिंह कोण होणार?" लोक विचारत होते.

आबांनी पटका सारखा केला. "रुपचंद व्हई."

मग ते वळले. "अभिमन! शपथ मोडनी तू. वानरनं सोंग तुले मिळाव नही."

अभिमनने मान खाली घातली.

"वानर ल्हान पडी तुले. अंगद व्हय!"

टाळ्यांनी सांबळाचा आवाज बुडाला. अभिमन लाल झाला, मुखवटा चढवायच्या आधीच. वैजूला त्याला चिडवायला काहीतरी हवं होतं, पण ती टाळ्याच वाजवत राहिली.

आबांनी करगोट्याची किल्ली सोडली. ती आजवर त्यांच्या घराबाहेर कोणाच्या हाती गेली नव्हती. ती त्यांनी हेतलच्या तळहातावर ठेवली आणि तिला लेक म्हणून हाक मारली.

"भोवाडा सरेपर्यंत सांभाळ, आंडेर. तुना बाप आत सोंग चढाई ऱ्हायना." मग वैजूकडे बघून त्यांनी मिशीत हसून विचारलं, "अन तू व माय? माले पंचांसमोर उभं करनारी! अभिमन सांगे, तू माणसंबी तोलस. सांग, मना काटा आते कितला बसना?"

वैजूने त्यांच्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं, दुकानात पाहायची तसं.

"आज बरोबर बसला, आबा," ती म्हणाली. "वर चिमूटभर जास्तच."

आणि खोलीच्या नव्या खिडकीतून, सगळ्यांच्या देखत, नरसिंहाने बाहेर डोकावून डरकाळी फोडली.